हस्तलिखिताचा पहिला वाचक

ग्रंथ लिहून पुरा होणें आणि तो लोकांच्या हातीं पडणें, या दोन गोष्टींमध्यें केवढें अंतर आहे याची कल्पना वाचकास सहसा नसते. पुस्तक आपल्यापर्यंत येतें तें शिवून, बांधून, वर सुबक वेष्टन घालून येतें. त्याआधीं तें किती दारांशीं उभें राहिलें, किती दारें उघडलींच नाहींत, आणि अखेर कोणीं त्यास आंत घेतलें, हा इतिहास मुखपृष्ठावर छापण्याचा प्रघात नाहीं. मराठींत लेखक आपलें बाड काखोटीस मारून थेट प्रकाशकाकडे अथवा मासिकाच्या संपादकाकडे जातो. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र गेल्या दीडशें वर्षांत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्यें एक तिसरा मनुष्य येऊन बसला आहे. त्यास तिकडे 'लिटररी एजंट' म्हणतात. लंडन आणि न्यूयॉर्क येथील बहुतेक मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाचें हस्तलिखित आज थेट स्वीकारीतच नाहींत. तें या एजंटाच्या मार्फत यावें लागतें.

हा सातासमुद्रांपलीकडचा मामला म्हणून सोडून द्यावा, तर तसेंही राहिलेलें नाहीं. आपल्या घरांतील मुलें-मुली, सुना आणि भाचे-पुतणे आतां इंग्रजींतून कथा-कादंबऱ्या लिहूं लागले आहेत. माडीवरच्या खोलींत रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा जळतो. सासूबाईंना वाटतें सून कचेरीचें काम करते, आणि सून असते ती कादंबरीच्या अकराव्या प्रकरणांत. ती कादंबरी पुरी झाली कीं ईमेलनें लंडनच्या एखाद्या एजंटाकडे जाते, आणि मग घरांत कोणालाहि न सांगतां उत्तराची वाट पाहणें सुरू होतें. त्या पलीकडच्या टोकाला बसलेला मनुष्य काय शोधीत असतो, कशानें प्रसन्न होतो आणि कशानें विटतो, हें घरांतील सर्वांसच ठाऊक असलेलें बरें.

एजंट या शब्दाला आपल्याकडे थोडा दलालीचा वास येतो. परंतु आपल्या समाजांत जुन्या काळीं लग्नें जमविणारे जे विश्वासू मध्यस्थ असत, त्यांचें स्मरण केलें तर या गृहस्थाचें काम चटकन् ध्यानांत येईल. चांगला मध्यस्थ वाटेल तें स्थळ वाटेल त्या दारीं नेत नसे. कोणत्या घराला कशी मुलगी मानवेल याचा त्याला अंदाज असे, आणि एकदां शब्द टाकला कीं त्याची स्वतःची पत पणाला लागे. ग्रंथांच्या या मध्यस्थाचेंहि तसेंच आहे. दहा प्रकाशकांच्या आवडीनिवडी त्यास मुखोद्गत असतात. त्यानें पाठविलेलें हस्तलिखित संपादक आधीं वाचतो तें त्याच्या शब्दाखातर. आणि दोन-तीन वेळां त्यानें सुमार माल पाठविला कीं त्या शब्दाची किंमत उतरते. म्हणूनच शंभरांतील नव्याण्णवांस तो नकार देतो. या नकारांत क्रौर्य आहे असें लेखकास वाटतें. वस्तुतः त्यांत पतीची काळजी असते.

या धंद्याचा आद्य पुरुष अलेक्झांडर पोलक वॉट. हा मूळचा ग्लासगोचा, पण त्याचा उद्योग लंडनमध्यें १८७५ च्या सुमारास सुरू झाला. एका ग्रंथकार मित्राच्या गोष्टी विकून देण्याची कामगिरी त्यानें अंगावर घेतली, आणि त्यांतूनच व्यवसायाची कल्पना निघाली. लेखकाच्या प्राप्तींतून शेंकडा १० टक्के हें त्याचें वेतन. पुढें टॉमस हार्डी, कॉनन डॉइल आणि आपल्या मुंबईंत जन्मलेला किप्लिंग हे त्याचे अशील झाले. प्रकाशकांना अर्थातच हा नवा प्राणी आवडला नाहीं. विल्यम हाइनमन या नामांकित प्रकाशकानें तर या मध्यस्थांवर जाहीरपणें कडक टीका केली. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तोंवर लेखक हा व्यवहारशून्य प्राणी होता आणि करारपत्र प्रकाशकच लिहीत असे.

तें करारपत्र कसें असे याचा मासला पाहावयाचा तर ॲगथा ख्रिस्तीचें उदाहरण घ्यावें. तिची पहिली रहस्यकथा १९२० सालीं प्रसिद्ध झाली. अनेकांनीं परत केलेलें हस्तलिखित एका प्रकाशकानें घेतलें याच आनंदांत तिनें सही केली. ठराविक प्रती खपेपर्यंत लेखिकेस कांहीं मिळावयाचें नाहीं, आणि पुढचीं पांच पुस्तकेंहि त्याच प्रकाशकास दिलीं पाहिजेत, अशा अटी त्यांत होत्या. त्या पहिल्या पुस्तकाबद्दल तिला सगळे मिळून २५ पौंड मिळाले. पुढें एडमंड कॉर्क नांवाच्या एजंटाच्या हातीं तिनें आपला कारभार सोंपविला, आणि तो तिनें जन्मभर बदलला नाहीं. जेम्स पिंकर या दुसऱ्या एजंटाची गोष्ट आणखी निराळी. जोसेफ कॉनरॅड हा मोठा लेखक, पण हात सदैव रिकामा आणि लेखणी अतिशय मंद. पिंकर त्याला वर्षानुवर्षें आगाऊ पैसे देत राहिला. कर्ज वाढत गेलें, १९१० सालीं दोघांचें कडाक्याचें भांडणहि झालें, तरीहि संबंध तुटला नाहीं. पदरचे पैसे घालून न लिहिलेल्या पुस्तकाची वाट पाहणारा दलाल दुसऱ्या कोणत्या धंद्यांत असतो, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट येथेंच स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तींत कुटुंबाच्या शिलकीचा प्रश्न आहे. आज एजंटाचें वेतन मायदेशांतील विक्रीवर बहुधा शेंकडा १५ आणि परदेशी अथवा भाषांतराच्या हक्कांवर शेंकडा २० असतें. तें लेखकास पैसे मिळाल्यावर त्यांतून कापलें जातें. हस्तलिखित नुसतें वाचण्याबद्दल प्रतिष्ठित एजंट एक पैहि घेत नाहीं. अमेरिकेंतील एजंटांच्या संघटनेनें तर आपल्या सभासदांस अशी फी घेण्यास मनाई केलेली आहे. आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं आपलें आत्मचरित्र असेंच एका स्वतःस एजंट म्हणविणाऱ्याकडे पाठविलें. आठ दिवसांत 'अपूर्व' असा अभिप्राय आला. त्यापाठोपाठ संपादनाची फी, मग मुखपृष्ठाची फी, मग जाहिरातीची फी. मुदतीच्या दोन ठेवी मोडल्यावर पुस्तकांचे गठ्ठे घरीं आले, आणि ते अद्यापि पलंगाखालीं आहेत. आठ दिवसांत स्तुति आली तेव्हांच सावध व्हावयास हवें होतें. ज्याला पुस्तक विकूनच पोट भरावयाचें आहे तो एवढ्या लौकर 'अपूर्व' म्हणत नाहीं.

आतां मुख्य विषय. इंग्लंडमधील एजंटाकडे साधारणपणें तीन गोष्टी पाठवावयाच्या असतात : एक पानभर पत्र, एक पानभर कथासार, आणि पुस्तकाचीं पहिलीं तीन प्रकरणें किंवा सुमारें दहा हजार शब्द. अमेरिकेंत पुष्कळ वेळां प्रथम नुसतें पत्रच मागतात. पुढचें वाचण्याची इच्छा झाली तर एजंट संपूर्ण हस्तलिखित मागवितो. कादंबरी असेल तर ती लिहून पुरी झालेली असलीच पाहिजे. अर्धी लिहून अदमास घेण्याची सोय नाहीं. शास्त्रीय अथवा माहितीपर ग्रंथ असेल तर मात्र योजना आणि एक-दोन नमुन्याचीं प्रकरणें पुरतात.

या पत्राविषयीं तिकडे मार्गदर्शनपर पुस्तकें लिहिलीं जातात, वर्ग चालतात. परंतु संस्कृत शास्त्रग्रंथांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. आपल्याकडे कोणत्याहि शास्त्रग्रंथाच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीति आहे. ग्रंथाचा विषय काय, त्याचें प्रयोजन काय, तो कोणत्या अधिकाऱ्यासाठीं म्हणजे वाचकासाठीं आहे, आणि ग्रंथाचा विषयाशीं संबंध कोणता, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून शहाणा मनुष्य ग्रंथ वाचावयास घेणार नाहीं, असा त्यांत आशय. लंडनचा एजंट पत्रांत हेंच शोधतो. कथा कोणाची आहे, त्या माणसाला काय हवें आहे आणि आड काय येतें, हा विषय. हें पुस्तक आवडीनें कोण घेईल, हा अधिकारी. तो दाखविण्यासाठीं अलीकडच्या एक-दोन जवळपासच्या पुस्तकांचीं नांवें देण्याची चाल आहे. आणि हा लेखकच तें कां लिहितो आहे, हा संबंध. कोकणांतील खोताच्या वाड्यावर लिहिणाऱ्यानें आपलें बालपण तेथें गेलें हें एका वाक्यांत सांगावें; पदव्यांची यादी मात्र देऊं नये.

प्रयोजनाच्या बाबतींत आपले लोक फार घसरतात. 'समाजास दिशा देण्याच्या उद्देशानें हें पुस्तक लिहिलें आहे' असें वाक्य पत्रांत आलें कीं वाचणाऱ्याचा उत्साह मावळतो. 'माझ्या सर्व आप्तेष्टांना तें अतिशय आवडलें' या वाक्याची किंमत तर शून्यच. मुलीच्या आईनें मुलीला सुगृहिणी म्हटलें तर मध्यस्थ नम्रपणें मान हालवितो, इतकेंच. पत्र अमक्याच एजंटास कां लिहिलें, त्यानें पूर्वीं कोणतीं पुस्तकें पार पाडलीं हें पाहून लिहिलें कीं पन्नास जणांना एकच मजकूर धाडला, हेंहि त्यास पहिल्या दोन ओळींत समजतें. एकाच वेळीं अनेक एजंटांकडे हस्तलिखित पाठविण्यास हरकत नसते, तो तिकडचा मान्य व्यवहार आहे; पण प्रत्येक पत्र त्या त्या माणसाला उद्देशून असावें. नांवाचें स्पेलिंगहि तपासून घ्यावें.

कथासाराविषयीं एवढेंच कीं त्यांत शेवट लपवूं नये. आपले नवे लेखक शेवटीं 'पुढें काय झालें तें पुस्तकांतच वाचावें' असें लिहून उत्कंठा वाढविल्याचें समाधान मानतात. एजंटाला उत्कंठा नको असते. या लेखकाला गोष्ट संपवितां येते कीं नाहीं, हें त्यास पाहावयाचें असतें.

पण पत्र नि सार कितीहि नेटकें असलें तरी निर्णय होतो तो पहिल्या पानांवर. येथें प्रस्तुत लेखकास एजंटाविषयीं मनापासून सहानुभूति वाटते. आम्ही पस्तीस वर्षें निबंधांच्या वह्या तपासल्या. 'आमची सहल' हा विषय दिला कीं चाळीस वह्यांपैकीं तीस वह्यांत पूर्व दिशा उजळत असे, पक्षी किलबिलत असत आणि मोटारीचा भोंगा वाजत असे. मुलांनीं एकमेकांचें पाहून लिहिलेलें नसे. सुरुवात अशीच करावयाची असते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मग एखाद्या वहींत 'गड चढतांना गुरुजींची चप्पल तुटली' असें पहिलेंच वाक्य येई आणि वाकलेला कणा सरळ होई. त्या मुलाचें शुद्धलेखन अनेकदां भयंकर असे, तें आम्ही नाइलाजानें लाल शाईनें सुधारीत असूं. परंतु वही शेवटपर्यंत वाचून होई. एजंटांच्या तक्रारी ऐकल्या तर अशाच आहेत. नायक झोंपेंतून जागा होतो, आरशांत पाहून स्वतःचें वर्णन करतो, पाऊस पडतो, स्वप्न पडतें, घराण्याचा तीन पिढ्यांचा इतिहास येतो. लेखक घसा साफ करीत असतो आणि श्रोता उठून जाण्याच्या बेतांत असतो.

विल्यम गोल्डिंगची हकीकत या दृष्टीनें उद्बोधक आहे. हाहि एक शाळामास्तरच. निर्जन बेटावर सांपडलेल्या मुलांची त्याची कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आली होती. १९५३ सालीं ती लंडनच्या फेबर कंपनींत पोहोंचली. तेथील अनुभवी वाचकानें ती अगदीं निःसत्त्व ठरवून नाकारण्याच्या ढिगांत टाकली. चार्ल्स माँटिथ हा तेथें नवीनच लागलेला संपादक. त्यानें तें कळकट हस्तलिखित ढिगांतून उचललें. आरंभीं अणुयुद्धाचें लांबलचक वर्णन होतें, तें वाचून पहिल्या वाचकाचा धीर सुटला होता. माँटिथ तें ओलांडून पुढें गेला आणि बेटावरच्या मुलांपाशीं पोहोंचल्यावर मात्र त्याला पुस्तक खालीं ठेववेना. आरंभ कापला, नांव बदललें, आणि १९५४ सालीं 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' प्रसिद्ध झालें. गोल्डिंगला १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपण घाबरून जाऊं नये म्हणून ही गोष्ट सांगतात. आम्हांस तींतून दुसरेंच दिसतें. माँटिथसारखा मनुष्य प्रत्येक ढिगापाशीं बसलेला नसतो. तें पहिलें प्रकरण गोल्डिंगनें स्वतःच कापलें असतें तर त्याच्या पुस्तकाचे इतके फेरे झाले असते काय?

आपणांस काय हवें असतें असें विचारल्यावर तिकडचे एजंट बहुधा एकच शब्द उच्चारतात : 'व्हॉइस', म्हणजे लेखकाचा आवाज. त्याची व्याख्या मात्र त्यांच्यापैकीं कोणासहि धड करतां येत नाहीं. ऐकला कीं कळतो, असें म्हणून ते मोकळे होतात. या ठिकाणीं आपला कुंतक त्यांच्या उपयोगी पडावा. त्याच्यापूर्वींचे आलंकारिक वैदर्भी, पांचाली अशा देशांच्या नांवांनीं लेखनाच्या रीति सांगत. कुंतकानें 'वक्रोक्तिजीवित' या ग्रंथांत तें नाकारलें. लेखनाचा मार्ग देशावरून ठरत नसून कवीच्या स्वभावावरून ठरतो, असें त्यानें प्रतिपादिलें. आणि सुकुमार, विचित्र व मध्यम असे तीन मार्ग सांगून त्यांचे पोटभेद मात्र स्वभावांइतकेच अनंत आहेत, हेंहि कबूल केलें. व्हॉइस म्हणजे हाच स्वभाव, वाक्यांत उतरलेला. त्याची नक्कल होत नाहीं. आपल्या मुलांच्या इंग्रजी लेखनांत पुष्कळदां दिसतें तें हें, कीं व्याकरण निर्दोष, शब्द उंची, पण बोलणारा मनुष्य कोठेंच नाहीं. घरीं जी मुलगी चार वाक्यांत सगळ्या आळीची नक्कल करून दाखविते, तिच्या कादंबरींत सर्व माणसें परीक्षेचे पेपर लिहिल्यासारखीं बोलतात. तिनें तो घरचा गळा तेवढा कागदावर नेला, तर अर्धें काम होईल.

वाचणाऱ्याकडेहि एक प्रतिभा लागते, हें राजशेखरानें हजार-अकराशें वर्षांपूर्वीं सांगून ठेवलें आहे. कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. ही दुसरी नसेल तर कवीचे श्रम वांझ राहतात. 'काव्यमीमांसे'मध्यें त्यानें अशा वाचकांचे चार प्रकार केले आहेत. अरोचकी, म्हणजे ज्याला कांहींच रुचत नाहीं. सतृणाभ्यवहारी, म्हणजे जो गवतासकट सगळेंच गिळतो. मत्सरी, म्हणजे दुसऱ्याचा गुण ज्याला दिसत असूनहि दिसत नाहीं. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो शब्दांची गुंफण पारखतो, रसांत रमतो, तात्पर्य शोधून काढतो, आणि असा हजारांत एखादाच. घरच्या माणसांना हस्तलिखित वाचावयास देतांना हे चार प्रकार डोळ्यांपुढें ठेवण्यासारखे आहेत. मातोश्री बहुधा दुसऱ्या वर्गांत मोडतात, चुलतभावांविषयीं न बोललेलें बरें. चांगल्या एजंटास चौथ्या वर्गांत बसावयाचें असतें, पण दिवसभर ढीग उपसून संध्याकाळपर्यंत तो पहिल्या वर्गांत जाऊन पडतो. तेव्हां त्याच्या नकाराचें कारण प्रत्येक वेळीं आपल्या लेखनांतच असतें असें नव्हे. त्याच्याकडे तशाच विषयाचें पुस्तक आधींच आलेलें असतें; किंवा तसल्या पुस्तकांचा तो व्यवहारच करीत नसतो.

या शेवटच्या कारणानें जगाला एक फार लोकप्रिय पुस्तक गमवावें लागण्याची वेळ आली होती. जे. के. रोलिंग या लेखिकेनें १९९५ सालीं आपल्या जादूगार मुलाच्या कथेचीं पहिलीं तीन प्रकरणें एका एजंटाकडे पाठविलीं, तीं परत आलीं. मग तिनें क्रिस्टोफर लिट्ल याच्याकडे पाठविलीं. त्या कचेरींत मुलांचीं पुस्तकें घेत नसत, कारण त्यांत पैसा नाहीं अशी समजूत. म्हणून तीं प्रकरणें नकाराच्या ढिगांत गेलीं. तेथील एका तरुण साहाय्यिकेला ती धारिका जरा वेगळी दिसली म्हणून तिनें उघडून वाचली, हंसली, आणि पुढचें हस्तलिखित मागविण्याची परवानगी मिळविली. त्यानंतरहि बारा प्रकाशकांनीं पुस्तक नाकारलें. १९९७ सालीं तें निघालें तेव्हां पक्क्या बांधणीच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या ५०० होत्या.

नकाराचें दुःख आपल्या भूमीला नवें नाहीं. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, गुणाढ्याची कथा सोमदेवानें 'कथासरित्सागरा'च्या आरंभीं सांगितली आहे. गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. पैज हरल्यामुळें त्यानें संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला आणि अरण्य धरलें. तेथें पिशाचांची भाषा शिकून सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' त्यानें रचली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानें लिहिली. मग तें हस्तलिखित दोन शिष्यांच्या हातीं राजाकडे धाडलें. शिष्य म्हणजे त्या काळचे एजंटच म्हणावयाचे. राजानें पाहिलें : भाषा पैशाची, अक्षर रक्ताचें. त्यानें तें तुच्छतेनें परत केलें. पोथी उघडून दोन श्लोकहि वाचले नाहींत.

गुणाढ्यानें टेकडीवर अग्नि पेटविला. एकेक पान मोठ्यानें वाचावें आणि आगींत टाकावें, असा क्रम सुरू झाला. रानांतलीं हरणें, डुकरें, रेडे चरणें सोडून भोंवतीं गोळा झाले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकूं लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनीं सांगितलें, खाण्यांत येणारें मांस शुष्क आहे. आचाऱ्यांनीं पारध्यांवर ढकललें, पारध्यांनीं खरें कारण सांगितलें कीं जनावरें चरतच नाहींत, एक ब्राह्मण त्यांना गोष्ट वाचून दाखवितो. राजा धांवत गेला तेव्हां सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांना आवडत असलेली नरवाहनदत्ताची तेवढी एक लक्षाची कथा उरली होती, ती घेऊन राजा परतला. मूळ पैशाची ग्रंथ तर पुढें तोहि नष्ट झाला. सोमदेवादिकांनीं केलेलीं रूपांतरें आज आपण वाचतों. बाह्य रूपावरून नाकारण्याची एवढी जुनी कथा दुसऱ्या कोणत्या साहित्यांत असेल तर ती आमच्या वाचनांत नाहीं. व्यवहारी मनुष्य मात्र तिच्यांतून एवढेंहि घेईल कीं हस्तलिखित स्वच्छ टंकलिखित, दोन ओळींत पुरेशी जागा सोडून, काळ्या अक्षरांत असावें; रंगीबेरंगी अक्षरें आणि वेलबुट्टी रक्ताच्याच जातीचीं.

आर. के. नारायण यांनाहि असाच विषाद आला होता. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ठिकठिकाणाहून परत येऊं लागली, तेव्हां ऑक्सफर्डमधील मित्राला त्यांनीं लिहिलें कीं बाडाला दगड बांध आणि थेम्स नदींत बुडीव. मित्रानें तें न मानतां ग्रॅहॅम ग्रीन यास वाचावयास दिलें. त्याच्या खटपटीनें १९३५ सालीं पुस्तक निघालें. लांबलचक नांवाचें आर. के. नारायण झालें तेंहि ग्रीनच्याच सूचनेवरून. अलीकडचें उदाहरण अरुंधती रॉय यांचें. त्यांचें हस्तलिखित १९९६ सालीं लंडनला पोहोंचलें, आणि तें वाचून डेव्हिड गॉडविन हा एजंट विमानानें दिल्लीस आला. पुढच्या वर्षीं त्या पुस्तकास बुकर पारितोषिक मिळालें. अशा गोष्टी ऐकून माडीवरचा दिवा आणखी उशिरापर्यंत जळतो. जळूं द्यावा, मात्र ईमेल पाठविल्यापासून दोन-तीन महिने उत्तर न येणें ही तेथील रोजची रीत आहे आणि कित्येक एजंट नकार कळवीतहि नाहींत, हें घरांत सर्वांना ठाऊक असावें. 'काय झालें त्या पुस्तकाचें?' हा प्रश्न जेवणाच्या पंगतींत रोज विचारूं नये.

मराठींत एजंट नव्हते, तरी त्यांचें उत्तम काम करणारीं माणसें होतीं. 'सत्यकथा' हें मासिक १९८२ सालीं बंद पडलें, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला नुसतें 'साभार परत' म्हणून न थांबतां कथेंत कोठें काय बिघडलें हें पत्रानें कळवीत आणि पुन्हां लिहावयास लावीत, याच्या आठवणी अनेक लेखकांनीं सांगितल्या आहेत. तें पत्र आलें कीं कांहींजण रुसत आणि कांहींजण लिहावयास बसत. एजंटाच्या मनांत जी एक आशा असते पण जी पत्रावरून, सारावरून किंवा तीन प्रकरणांवरून कळूं शकत नाहीं, ती हीच : हा लेखक सांगितलेलें ऐकून पुन्हां लिहील काय?

हार्पर ली ही अलाबामांतील तरुणी न्यूयॉर्कमध्यें विमान-कंपनीच्या कचेरींत तिकिटें नोंदविण्याचें काम करीत असे. १९५६ च्या अखेरीस तिनें आपल्या कांहीं गोष्टी मॉरिस क्रेन या एजंटास दाखविल्या. गोष्टींपेक्षां कादंबरी लिहावी, असा सल्ला त्यानें दिला. त्याच नाताळांत एका स्नेही जोडप्यानें तिला वर्षभर नोकरी न करतां लिहितां यावें एवढे पैसे भेट म्हणून दिले. जानेवारी १९५७ पासून ती दर आठवड्यास पन्नासेक पानें क्रेनकडे नेऊन देऊं लागली. कादंबरी पुरी झाली. कित्येकांनीं नाकारल्यावर लिपिन्कट या प्रकाशनसंस्थेंतील टे होहॉफ या संपादिकेनें ती घेतली, पण आहे तशी छापली नाहीं. मोठी झालेली नायिका गांवीं परत येते, अशी ती कथा होती. तिच्यांतील बालपणाच्या आठवणी तेवढ्या जिवंत आहेत, असें तिचें मत पडलें. ली पुन्हां लिहावयास बसली आणि दोन वर्षांहून अधिक काळ लिहीतच राहिली. कथा वीस वर्षें मागें नेली, बोलणारी बाई काढून लहान मुलगी ठेवली. १९६० च्या जुलैमध्यें 'टु किल अ मॉकिंगबर्ड' प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्या वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. क्रेनकडे आठवड्यास पन्नास पानें या हिशेबानें आलेलें तें पहिलें हस्तलिखित २०१५ सालीं 'गो सेट अ वॉचमन' या नांवानें जसेंच्या तसें छापलें गेलें आहे. दोन्ही पुस्तकें बाजारांत मिळतात; ज्यांच्या घरीं कोणी लिहीत असेल त्यांनीं तीं शेजारीं ठेवून वाचावींत, आणि आधीं दुसरें, मग पहिलें, या क्रमानें.